एकेरी तूट आणि दुहेरी तूट
विदर्भातल्या गोठ्यात अंबाडीच्या दोन पदरी दाव्याचा एक पदर झिजला तरी बैल सुटत नाही. शाबूत पदराला धरून दुसरा पुन्हा वळता येतो. किरणोत्सर्गाने पेशीतल्या डीएनएच्या दोन साखळ्यांपैकी एकच तुटते तेव्हा पेशीही समोरच्या साखळीवरचा क्रम वाचून तो भाग बहुधा बिनचूक भरून काढते. म्हणूनच क्ष-किरणांच्या १ ग्रे (शोषलेल्या किरणोत्सर्गाचे एकक) मात्रेमागे प्रत्येक पेशीत अशा सुमारे १,००० तुटी होऊनही त्या फारशा घातक ठरत नाहीत.

दोन्ही साखळ्या जवळजवळ एकाच जागी तुटण्याचे प्रसंग त्याच मात्रेत ४० च्या आसपास, परंतु खरे भय त्यांचेच. समोर नमुना नसल्याने पेशी बहुतेकदा मोकळी टोके तशीच जोडते; त्यात डीएनएच्या क्रमातली काही अक्षरे गळतात, कधी एका गुणसूत्राचे टोक भलत्याच गुणसूत्राला चिकटते, आणि पेशी मरते किंवा कालांतराने कर्करोगाकडे झुकते. (विभाजनापूर्वी डीएनएची दुसरी प्रत तयार झालेली असेल, तर तिच्यावरून अचूक दुरुस्ती होऊ शकते.) गावाकडे ज्याला ‘शेक’ म्हणतात, त्या रेडिओथेरपीसाठी नागपूरला जाणाऱ्या रुग्णाला एका वेळी साधारण २ ग्रे दिले जातात, ते गाठीच्या पेशींत ही दुहेरी तूट घडवण्यासाठीच, नुसत्या एकेरी तुटीला गाठ सहज पुरून उरली असती.