एकाच स्विचवर दोन सबनेट: नुसते आयपी वेगळे की व्हीलॅन?

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या ऑफिसात हिशेबाचे संगणक १९२.१६८.१.० या सबनेटवर (आयपी पत्त्यांच्या गटावर), कॅमेरे १९२.१६८.२.० वर, सगळ्यांच्या वायरी जोडणारा स्विच मात्र एकच. राउटरच्या एकाच पोर्टला दोन आयपी दिले की काम चालतं, खर्च काहीच नाही. पण ही खडूने आखलेली रेघ. एआरपीची, म्हणजे ‘हा आयपी कुणाचा?’ अशी, हाक सगळ्यांच्या कानावर जाते, आपोआप आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीला कोण कुठल्या सबनेटचा ते उमगत नाही, आणि कॅमेऱ्याच्या वायरीला लॅपटॉप जोडून कुणी हाताने आयपी बदलला की तो थेट हिशेबात!

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचचे आतून वेगळे केलेले भाग. त्यात ट्रंकवरच्या (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या वायरीवरच्या) फ्रेमला, म्हणजे डेटाच्या पुडक्याला, ती कुठल्या व्हीलॅनची ते सांगणारा ४ बाइटचा टॅग लागतो, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना मारलेली हाक) आपापल्या घरातच राहतं. त्यासाठी मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, स्विच हवा. पैशाच्या नोंदी असतील तिथे मी व्हीलॅनच लावीन. जुने-नवे पत्ते आठवडाभर सोबत चालवायचे असतील, तर पहिला उपाय पुरे.