दोघांचे दिग्दर्शन की एकट्याचे?

मर्यादित खर्चात चित्रपट करताना सर्जनाचा अंतिम निर्णय कुणी घ्यावा, याची दोन उत्तरे मराठीतच सापडतात. सुमित्रा भावे समाजकार्याच्या क्षेत्रातून चित्रपटाकडे आल्या, तर सुनील सुकथनकर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये घडले. १९९५च्या ‘दोघी’पासून ‘कासव’पर्यंत या दोघांनी दिग्दर्शनाचे श्रेय एकत्र घेतले. लेखन प्रामुख्याने भावे यांचे, गीते बहुधा सुकथनकरांची. अशा जोडीत प्रत्येक प्रसंग चित्रीकरणाआधीच एका चिकित्सक वाचकासमोरून गेलेला असतो, आणि ही चाळणी फुकट मिळते, हे कमी खर्चाच्या निर्मितीत फार मोलाचे आहे. मात्र सेटवर दोघांनी दोन सूचना दिल्या, तर नट गोंधळतो. म्हणून मतभेद संहितेच्या टेबलावरच मिटवावे लागतात.

‘कोर्ट’ (२०१४) याच्या उलट टोकाचा. चैतन्य ताम्हाणे यांनी लेखन व दिग्दर्शन एकहाती केले; निर्माते विवेक गोम्बर यांनी त्यातील वकिलाची भूमिकाही केली. बरेचसे कलावंत अव्यावसायिक असल्याने, हवा तो स्वाभाविकपणा मिळेपर्यंत थांबण्याची मुभा तिथे कळीची ठरते, आणि ती निर्मात्याच्या विश्वासाशिवाय मिळत नाही. म्हणजे एकट्याची म्हटलेली ही वाटही खरे तर दुकट्याचीच, फक्त दुसरा माणूस पटकथेत ढवळाढवळ करत नाही.

‘कोर्ट’ आणि ‘कासव’ या दोघांनाही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. तरी पहिलाच चित्रपट करणाऱ्याला, खंबीर निर्माता हाताशी नसेल तर, मी जोडीचीच वाट सुचवेन.