ब्राउनी की कुंद्याची ब्लाँडी?
नाताळच्या सुट्टीत खानापूर-निपाणीकडचे पाहुणे जमले की आमच्याकडे हा वाद ठरलेला. ब्राउनीचं काम सोपं: लोणी, तेवढंच डार्क चॉकलेट, साखर, अंडी, जेमतेम मैदा, १८० अंशांवर साधारण २५ मिनिटं. मधे टोचलेल्या काडीला ओलसर कण चिकटले की बाहेर काढायची, नाहीतर तिचा केक होतो. आदल्या दिवशी करून ठेवली तरी उलट मुरते.

ब्लाँडी म्हणजे बिनचॉकलेटची ब्राउनी. गूळ, लोणी आणि वर बेळगावी कुंद्याचे गोळे. दूध आटवून आलेला तो खरपूस वास ब्राउनीला कुठून यायचा? पण कुंदा मुळात गोड, म्हणून गूळ हात राखून घाला. शिवाय वरून चटकन करपतो. शेवटची १० मिनिटं फॉइल झाका. (माझा एक ट्रे असाच गेला.)

माझं मत कुंद्याला. मुलं मात्र आधी ब्राउनीच संपवतात.