सीबीनॅट की एलपीए?

शिरोलीच्या फाउंड्रीत वाळूच्या धुळीत राबलेल्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांनंतरही थांबत नसेल, तर बेडका तपासायलाच हवा. सिलिकाच्या धुळीनं क्षयाचा धोका वाढतो.

सीबीनॅट म्हणजे बेडक्यातल्या जंतूंची जनुकं यंत्रावर तपासणारी चाचणी. तिचं बळ वेगात आहे. सुमारे 2 तासांत दोन उत्तरं मिळतात: क्षयाचे जंतू आहेत का, आणि रिफॅम्पिसिन हे क्षयाचं मुख्य औषध त्यांच्यावर चालेल का. पण त्याचं नेहमीचं कार्ट्रिज (नमुना घालायची डबी) आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाबद्दल काहीच सांगत नाही, आणि मला हीच मोठी उणीव वाटते. रिफॅम्पिसिन चालतंय म्हणून सगळे निर्धास्त होतात. जंतू आयसोनियाझिडला दाद देत नसतील, तर नेहमीचे उपचार कमी पडू शकतात.

इथे एलपीए, म्हणजे लाइन प्रोब असे ही पट्टीवरची जनुकीय चाचणी, कामी येते. पट्टीवर उमटलेल्या रेघांवरून रिफॅम्पिसिनसाठी आरपीओबी, आयसोनियाझिडसाठी कॅटजी आणि आयएनएचए या जनुकांतले बदल वाचता येतात. दुसऱ्या फळीच्या औषधांसाठी वेगळी पट्टी असते, तिच्यावर फ्लोरोक्विनोलोन गटातली औषधं चालतील का, हेही कळतं. मात्र त्यासाठी सुसज्ज प्रयोगशाळा लागते, दोन-तीन दिवस जातात. बेडक्यात जंतू कमी असले तर आधी कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवणं, आणि त्यात आणखी काही आठवडे.

गगनबावड्याहून एसटीनं आलेल्या रुग्णाला मी आधी सीबीनॅटच सांगेन. क्षय निघाला, तर दुसरा नमुना एलपीएला गेलाय का, हे तिथेच विचारून घ्या.