घोडबंदरची पागा: शर्यतीचा घोडा विश्रांतीला ठेवावा का?

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरचा शर्यतींचा हंगाम एप्रिलच्या आसपास आटोपतो, पुण्याचा पावसाळ्यात सुरू होतो. मधल्या काळात घोडा सरावातून मोकळा करून विश्रांतीला ठेवायचा, तर ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या आतल्या अंगाला असलेल्या या पागेचं नाव हमखास निघतं. विश्रांतीसाठी जागा उत्तम आहे. शर्यत तोंडावर आलेला घोडा मात्र इथे ठेवू नये.

पहाटे 5 वाजता मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा, आधी गव्हाण बघतो. रात्रीचा दाणा उरला असेल तर काहीतरी बिघडलंय हे तिथेच कळतं. मग ताप मोजायचा, 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस ठीक. त्यानंतर पुढच्या पायांच्या नळीमागून तळहात खाली सरकवत ऊब आणि सूज शोधायची. दोन्ही पाय त्याच हाताने, लागोपाठ, म्हणजे फरक लगेच जाणवतो. हे सगळं खराऱ्याच्या आणि पाय धुण्याच्या आधी होतं, याचं खरंच कौतुक. पाय धुतला की कातडी गार पडते आणि नळीमागची कंडरा नुकती दुखावली असेल तर तिची ऊब हाताला लागत नाही.

पाणी बादलीतून देतात. घोडा दिवसाला 30-40 लिटर पाणी पितो आणि बादली असली की किती प्यायला ते डोळ्यांना दिसतं. पाणी कमी झालं, लीद कोरडी पडली की पोटशुळाची भीती असते.

दाण्याचं तंत्र इथे पक्कं आहे. काम थांबलं की ओट त्याच दिवशी निम्म्याहून खाली आणतात आणि 450 किलोच्या घोड्याला दिवसाला 8-9 किलो सुकं गवत, जोडीला थोडा लसूणघास देतात. बऱ्याच ठिकाणी नेमकी इथेच चूक होते. सरावाचा पूर्ण दाणा खाऊन घोडा दोन दिवस नुसता उभा राहिला आणि तिसऱ्या दिवशी बाहेर काढला, की पुठ्ठ्याचे, म्हणजे मागच्या भागाचे, स्नायू आखडतात, लघवी तांबडी-काळी होते. अशा घोड्याला एक पाऊलही चालवू नये. जिथे थांबला तिथेच उभा ठेवून डॉक्टरांना बोलवावं.

खाडीकाठच्या दमट हवेत आणखी एक दुखणं येतं: काही घोड्यांना घाम सुटायचाच बंद होतो. फिरवून आणल्यावर अंग कोरडं, तापलेलं आणि श्वास धापांचा, अशी खूण दिसली की सावली, पंखा आणि अंगावर गार पाणी, एवढं लगोलग हवं. इथे प्रत्येक ठाणावर, म्हणजे घोडा बांधायच्या जागेवर, पंखा आहे.

उणीव आहे ती पावसाळ्यातल्या अंथरुणाची. लाकडाचा भुसा ओला झाला तरी वेळेवर उपसला जात नाही. ठाणात खाली बसून, घोड्याच्या नाकाच्या उंचीवर श्वास घेऊन बघा. डोळे चुरचुरले तर मुताच्या त्या उग्र वासात घोड्याची फुप्फुसं रात्रभर काय सोसतात ते समजेल. याच ओलीने खुराच्या तळव्यातली पुतळी, म्हणजे मधला मऊ त्रिकोणी भाग, कुजते. बाजूच्या खाचेत काळा, घाण वासाचा चिकटा येतो. खुरातली घाण काढायच्या आकडीने रोज खूर साफ करून ब्रशने घासावा, कोरडा करावा, मग मोरचुदाचं पाणी लावावं. ओल्यावरच औषध लावलं तर ते वाया जातं. नालबंद दर 4-5 आठवड्यांनी येतो आणि शर्यतीचे ॲल्युमिनियमचे नाल काढून खूर नीट कातरतो. नालबंदी आणि डॉक्टर यांचं बिल वेगळं लागतं, ते आधीच विचारून घ्या.

आता शर्यतीचं गणित. पागेत फिरवायला गोल रिंगण आहे, धावपट्टी नाही. लांब विश्रांतीनंतर घोड्याला शर्यतीच्या ताकदीवर यायला 8 ते 12 आठवडे लागतात: आधी नुसतं चालणं, मग दुडकी, शेवटी चौखूर दौड. 2400 मीटरची इंडियन डर्बी ही महालक्ष्मीवरची मोठी शर्यत फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी असते. तिथून उलटं मोजलं, तर घोडा नोव्हेंबरच्या मध्याला प्रशिक्षकाच्या ताब्यात हवा. पुण्याच्या हंगामासाठीही असंच मागे मोजा. तारीख ठरवूनच घोडा इथे पाठवा.

नेताना-आणताना गाडी कोंडीची वेळ टाळून काढा. गायमुख घाटात अवजड वाहनांत अडकलं तर तास-दोन तास सहज जातात. गाडीत घोड्याचं डोकं वर आखडून बांधू नका. मान खाली घालता आली नाही तर नाकातला मळ बाहेर पडत नाही, फुप्फुसात उतरतो आणि दोन दिवसांनी ताप भरतो. दोर सैल ठेवा आणि गवताची जाळी खाली बांधा, पण पाय अडकेल इतकी खाली नको.