जुन्या जीसीसीचा रॅपर: सीसी व्हेरिएबलमधून द्यावा की पाथमध्ये पुढे बसवावा?

सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर चालेल अशी बायनरी आजच्या मशीनवर बनवायची तर सहसा जीसीसी हा कंपायलर ४.८ आवृत्तीचा लागतो, जीलिबसी (सीची मूळ लायब्ररी) २.१७ चा सिसरूट, म्हणजे जुन्या हेडर आणि लायब्ररींची डिरेक्टरी, लागतो आणि हे दोन्ही बिल्डच्या गळी उतरवणारा, खऱ्या कंपायलरला योग्य फ्लॅग देऊन बोलावणारा एक छोटा शेल रॅपर लागतो. इथवर फारसे मतभेद नसतात. वाद असतो तो रॅपर लावायचा कुठे याचा. एक तर सीसी या, बिल्डला कंपायलर सांगणाऱ्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये त्याचा पूर्ण पत्ता द्या. नाही तर वेगळ्या डिरेक्टरीत जीसीसी, सीसी, जी प्लस प्लस या नावांच्या सिमलिंक करून ती डिरेक्टरी पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या डिरेक्टरींच्या यादीत, सगळ्यात पुढे ठेवा.

पहिला मार्ग सरळ आहे. ऑटोकॉन्फ आणि सीमेक ही बिल्ड-साधनं आणि गो भाषेला सी जोडणारा सीगो सीसीला मान देतात, आणि कोणता कंपायलर चालतोय हे लॉगमध्ये उघड दिसतं. सगळा कोड आपलाच आणि सगळा सीमेकवर असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

पण कोड सहसा सगळा आपला नसतो. कुणीतरी मेकफाइलमध्ये सीसीला थेट जीसीसी नेमून टाकलेलं असतं. अशा वेळी एन्व्हायर्नमेंटमधला सीसी हरतो. तो मेकच्या कमांड लाइनवरच द्यावा लागतो, मग सब-मेकपर्यंतही पोचतो. मेकफाइलच्या रूलमध्येच, म्हणजे प्रत्यक्ष कमांडच्या ओळीत, जीसीसी असं लिहिलेलं असेल तर तोही उपाय संपला. पर्लची बहुतेक सी-मॉड्यूल्स तर एन्व्हायर्नमेंटकडे बघतही नाहीत. पर्ल ज्या कंपायलरने बनलं त्याचंच नाव ती वापरतात.

आणि यातलं काही निसटलं तर आवाज होत नाही, माझं पारडं झुकलं ते इथेच. एखादी उप-लायब्ररी मशीनच्या नव्या जीसीसीने कंपाइल आणि लिंक केली, तरी बिल्ड बऱ्याचदा विनातक्रार पार पडतं. जुन्या सर्व्हरवर चालवताना मात्र जीलिबसी २.३४ सापडत नाही म्हणून सगळं अडतं. नेमका २.३४ हाच आकडा वारंवार दिसतो, कारण २०२१ च्या त्या आवृत्तीत पीथ्रेड ही थ्रेडची लायब्ररी मुख्य लिबसीत विलीन झाली आणि मेनच्या आधी चालणाऱ्या स्टार्टअप फंक्शनलाही नवं सिम्बॉल-व्हर्जन (फंक्शनच्या नावाला जोडलेली आवृत्ती) मिळालं. त्यामुळे साधा हॅलो वर्ल्डही नव्या मशीनवर लिंक झाला की २.३४ मागतो. त्यातल्या त्यात बरं म्हणजे ऑब्जेक्ट नव्या असेंब्लरचा आणि लिंकर बिनयुटिल्स (असेंब्लर-लिंकरचा संच) २.२३ च्या काळातला असेल, तर तो बहुधा अनोळखी रीलोकेशन (लिंकरने भरायच्या पत्त्याची नोंद) म्हणून तिथेच ओरडतो. लिंकही नव्यानेच केलं तर तेवढीही खबर मिळत नाही.

पाथवाला मार्ग ही गळती बरीचशी बंद करतो. त्याचा पहिला सापळा म्हणजे रॅपरने आतून नुसतं जीसीसी म्हटलं की पाथमध्ये तो स्वतःच सापडतो. तो स्वतःलाच बोलावत राहतो, दर फेरीला सिसरूटचा फ्लॅग जोडतो आणि शेवटी ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ म्हणून कोसळतो. म्हणून आत खऱ्या कंपायलरचा पूर्ण पत्ता आणि त्याच्याआधी एक्झेक (रॅपरच्या जागी कंपायलरच चालवणारी शेल-कमांड) लिहावा, म्हणजे एक्झिट कोड आणि सिग्नलही सरळ जातात. कोड-जनरेटरसारखी होस्ट-साधनंही या जाळ्यात येतात हा आक्षेप खरा आहे, पण आर्किटेक्चर एकच असेल तर जुन्या जीलिबसीवर लिंक झालेलं साधन नव्या मशीनवर चालतंच. यूएसआर-बिनचा पूर्ण पत्ता लिहिलेल्या मेकफाइल मात्र इथूनही सुटतात. सुडो मेक इन्स्टॉलही सुटतं, कारण सुडो बहुतेक ठिकाणी पाथ बदलून टाकतो. त्या टप्प्यात काही पुन्हा कंपाइल झालं तर ते नव्या जीसीसीकडे जातं.

मार्ग कोणताही घ्या, रॅपरच्या आतली काळजी सारखीच. आर्ग्युमेंट एका स्ट्रिंगमध्ये गोळा करू नका. मॅक्रोच्या मूल्यात स्पेस आली की तुकडे पडतात. साध्या पॉझिक्स शेलमध्ये ॲरे नाहीत, तेव्हा फॉर लूपमध्ये दर फेरीला पुढचं एक शिफ्टने काढायचं आणि हवं असेल तर सेटने शेवटी जोडायचं, अवतरणचिन्हं सांभाळून. डायग्नोस्टिक्स-कलर हा रंगीत संदेशांचा फ्लॅग जीसीसी ४.९ मध्ये आला, तो गाळायला हरकत नाही. सी भाषेची आवृत्ती सांगणाऱ्या फ्लॅगमध्ये जीएनयू१७ च्या जागी जीएनयू११ घातलं तरी सहसा निभतं. पण जेनेरिक हा कीवर्ड आणि एसटीडी-ॲटॉमिक हे हेडरही ४.९ चेच, तिथे रॅपर काही करू शकत नाही.

अनोळखी फ्लॅग सरसकट गिळणारा रॅपर लिहू नका. कॉन्फिगर (ऑटोकॉन्फची चाचणी-स्क्रिप्ट) फ्लॅग देऊन बघतं, चूक आली नाही की ‘आहे’ समजतं, आणि पुढचं सगळं त्या खोट्या उत्तरावर उभं राहतं. रॅपरचा लॉगही फाइलमध्येच लिहा. स्टँडर्ड आउटपुटवर टाकला तर प्रीप्रोसेसरच्या निकालात मिसळतो, स्टँडर्ड एररवर टाकला तर लायब्ररी बांधणाऱ्या लिबटूलच्या फ्लॅग-चाचण्या बिघडतात. सीकॅश (कंपाइलचे निकाल साठवून ठेवणारं साधन) असेल तर तो डीफॉल्टने रॅपरचीच वेळ आणि आकार तपासतो. आतला कंपायलर बदलला तरी जुनेच ऑब्जेक्ट परत देईल. त्याच्या कंपायलर-चेकमध्ये कंपायलरची व्हर्बोज कमांड द्या.

तिसऱ्याच कुणाचा कोड बांधायचा असेल तर मी पाथच निवडेन. तरीही प्रत्येक बिल्डच्या शेवटी तयार बायनरी आणि सोबतच्या सगळ्या शेअर्ड लायब्ररींवर ऑबजडम्प (बायनरीतली माहिती दाखवणारं साधन) चालवून जीलिबसीची व्हर्जन-नावं काढा, आवृत्तीक्रमाने लावा, आणि सगळ्यात वरचं २.१७ च्या पुढे असेल तर बिल्ड तिथेच फेल करा.