राऊटर नुसता बंद-चालू करायचा की थेट रिसेट मारायचा?

नेट अडकलं की घरात कुणीतरी म्हणतंच, प्लग काढून परत लाव. तेवढ्याने नाही भागलं की दुसरं कुणीतरी टाचणी घेऊन राऊटरच्या मागच्या त्या बारीक भोकाकडे वळतं. बरेच जण ही दोन्ही कामं एकच समजतात, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि चुकीचं निवडलं तर पाच मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं.

आधी बंद-चालूचं बघू. राऊटर म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच, आत प्रोसेसर आहे, थोडीशी रॅम आहे, आणि आपण त्याला महिनोन्महिने बंदच करत नाही. घरातला कुठलाही फोन किंवा टीव्ही बाहेरून काही मागतो तेव्हा राऊटर त्याची नोंद एका टेबलात करून ठेवतो, म्हणजे उत्तर आलं की ते आईच्या मोबाईलला द्यायचं की हॉलमधल्या टीव्हीला हे त्याला कळतं. काम झालं की ही नोंद पुसली जायला पाहिजे, पण कुणी टोरंट लावून ठेवलं असेल किंवा फर्मवेअरमध्येच, म्हणजे राऊटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्येच, घोळ असेल तर टेबल भरत जातं, नव्या नोंदीला जागाच उरत नाही, आणि मग तो वैताग आणणारा प्रकार सुरू होतो की आधीपासून चालू असलेला व्हिडिओ कॉल व्यवस्थित चालू आहे पण नवीन साईट काही केल्या उघडत नाही. प्लग काढला की ती रॅम पूर्ण कोरी होते, टेबल रिकामं होतं, नेट देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरशी नव्याने लॉगिन होतं, आणि चॅनल (वायफायची लेनच म्हणा) ऑटोवर असेल तर बऱ्याच राऊटरमध्ये वायफाय कमी गर्दीचा चॅनल पुन्हा शोधतो. सोसायटीत राहणाऱ्यांना ह्या शेवटच्या गोष्टीचा खरंच फायदा होतो, कारण २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न अडवणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि भिंतीपलीकडे वायफाय वीस.

फक्त प्लग काढून लगेच लावू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये थोडा करंट शिल्लक असतो, म्हणून निदान अर्धा मिनिट थांबा, आणि पीपीपीओई लॉगिन असेल, म्हणजे राऊटर कंपनीने दिलेल्या युजरनेम-पासवर्डने नेटला जोडला जात असेल, तर दोन-तीन मिनिटं थांबलेलं बरं, कारण तुमचं जुनं सेशन पलीकडे कधीकधी तसंच लटकलेलं असतं आणि ते सुटल्याशिवाय नवीन लॉगिन घेत नाही.

आता रिसेट, म्हणजे त्या बारीक भोकातलं बटण टाचणीने दाबून धरणं. ह्यात रॅम तर जातेच, वर वीज गेली तरी टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत साठवलेली तुमची सगळी सेटिंग्ज पण जातात. वायफायचं नाव, पासवर्ड, अ‍ॅडमिनचा पासवर्ड, सीसीटीव्ही बाहेरून बघता यावा म्हणून उघडलेले पोर्ट, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पीपीपीओईचा युजरनेम-पासवर्ड आणि असेल तर व्हीलॅन नंबर (कंपनीच्या लाईनवर तुमचं नेट वेगळं ओळखणारा आकडा). माझ्या मावशीकडे सांगलीला हेच झालं. शनिवारी संध्याकाळी नेट स्लो होतं म्हणून मावसभावाने टाचणी दाबून धरली, सगळे लाईट एकदम लागले आणि विझले, वायफायचं नाव बदलून मागच्या स्टिकरवरचं कंपनीचं नाव आलं, आणि इंटरनेटचा लाईट लाल तो लालच. राऊटरच्या सेटिंगच्या पेजवर जाऊन बघितलं तर युजरनेमचा रकाना रिकामा. तो लिहून कुणीच ठेवला नव्हता, केबलवाल्याचा फोन रविवारी लागला नाही, सोमवारी दुपारी माणूस आला आणि त्याने दोन मिनिटांत टाकून दिला. मला अजून वाईट वाटतं, कारण नुसता प्लग काढला असता तर बहुतेक तेव्हाच भागलं असतं. काही कंपन्यांच्या फायबर बॉक्समध्ये सेटिंग लाईनवरूनच परत येतं, पण आपल्याकडे तसं आहे हे पक्कं माहीत नसेल तर त्या भरवशावर राहू नका.

मग रिसेट कधीच नाही का? तसं नाही. अ‍ॅडमिन पासवर्ड विसरलात, जुना वापरलेला राऊटर घेतलात, किंवा सेटिंगमध्ये इतकं खेळून झालंय की काय बदललं तेच आठवत नाही, तिथे रिसेटच पाहिजे. आणि व्हायरसची शंका असेल तर नक्कीच. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरने ५४ देशांत किमान ५ लाख राऊटर आणि स्टोरेज डिव्हाइस पकडले होते. तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राऊटर रीबूट (म्हणजे नुसता बंद-चालू) करा असं सांगितलं, त्याने मालवेअरचे पुढचे दोन टप्पे निघून जायचे पण पहिला टप्पा आत तसाच राहायचा आणि बाकीचं परत खेचून आणू शकायचा. तो काढायला फॅक्टरी रिसेटच लागायचा. रिसेटनंतर अ‍ॅडमिन पासवर्ड लगेच बदला आणि फर्मवेअर अपडेट करा, कारण रिसेटने फर्मवेअर काही आपोआप नवीन होत नाही.

म्हणजे निवड करताना मी तरी आधी लाईट बघते. एलओएसचा (म्हणजे फायबरमधून सिग्नलच येत नसल्याचा) लाल लाईट लागलेला असेल तर दोन्हीचा उपयोग नाही, फायबर कुठेतरी तुटलीय, सुटलीय किंवा कपाटामागे दाबली गेलीय, सरळ ऑपरेटरला फोन. तो लाईट नसेल तर बंद-चालू. रोज रोज बंद-चालू करावं लागत असेल तरी लगेच रिसेटवर जाऊ नका, आधी त्याच व्होल्टचा आणि पुरेशा अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावून बघा आणि राऊटर टीव्हीमागच्या गरम कोपऱ्यातून बाहेर काढा. एवढं करूनही अडलं तर रिसेट, पण आधी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा स्टिकरवर असेल तो पत्ता उघडून सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढा. पीपीपीओईचा पासवर्ड तिथे ठिपक्यांत दिसतो, फोटोत तो मिळणार नाही, तो ऑपरेटरकडून मागून वहीत लिहून घ्या आणि मग दहा सेकंद बटण दाबा. नंतर वायफायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, म्हणजे घरातले सगळे फोन आपोआप जोडले जातात.